आज हितं माझी पाळी

आमच्या कंपनीच्या बसमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली होती. कुणी ठरवून दिली नव्हती, तरी ठरलेली होती. अकाउंट्सचे साहेब ड्रायव्हरच्या मागे, पेंट शॉपची पोरं शेवटच्या बाकावर आणि मी डावीकडच्या खिडकीत, कानांत इअरफोन घालून, डोळे मिटून. राजारामपुरीतून बस सुटली की कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतलं आमचं गेट येईपर्यंत माझं जगाशी काही देणंघेणं नसायचं. या व्यवस्थेत सुखानं न बसणारा माणूस एकच होता, आणि त्याच्यामुळे आम्हालाही बसता येत नसे. आण्णा रोज सकाळी बसमध्ये चढायचे, एकदा सगळ्यांवरून नजर फिरवायचे आणि कुणातरी एकाच्या डोक्याशी जाऊन उभे राहायचे.

“उठा पावणं. आज हितं माझी पाळी.”

ही पाळी कोण लावतं, कशी लावतं, हे विचारायची सोय नव्हती. “मग मी कुठं बसू?” असं कुणी कुरकुरलं तर “ते तुमचं तुमी बघा” एवढंच उत्तर मिळायचं. आण्णा डिस्पॅचला सुपरवायझर होते. अंगानं आडवे, मिशा पांढऱ्या, आणि आवाज असा की ते फोनवर बोलत असले की मधे फोन कशाला हवा असं वाटावं. वयाचा मान म्हणून लोक उठायचे, आणि आण्णा नव्या जागेवर बसून, नव्या भाड्याच्या घरात आल्यासारखे, आधी खिडकी उघडते का ते बघायचे.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. रोज एकाच जागेवरून रस्ता बघितला की तो दिसायचा बंद होतो. आणि नुसती जागा बदलून भागत नाही, कशासाठी बघायचं तेही घरातून निघतानाच ठरवून यावं लागतं. याला ते ‘काम काढणं’ म्हणायचे. बसमध्ये चढल्यावर लोक एकमेकांना नमस्कार करतात, आण्णा विचारायचे, “आज काय काम काढलंस?” काम नाही म्हटलं की ते काम देऊन टाकायचे. एखाद्याला हायवेला लागेपर्यंत हातानं रंगवलेल्या पाट्या बघायला सांगायचे, दुसऱ्याला रिक्षावाल्यांच्या चपला. एकदा ते ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर आमच्याकडे तोंड करून बसले आणि जाहीर केलं की आज मी तुमास्नी बघणार हाय. त्या दिवशी बसमध्ये कुणालाही झोप लागली नाही. उतरताना त्यांनी अकाउंट्सच्या साहेबांना सांगितलं की तुम्ही बसमध्ये एकटेच बसलेले असताना बरे दिसता, ऑफिसात एवढं तोंड कशाला पाडता? साहेबांनी महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

माझ्या वाट्याला पहिल्या दिवशी गच्च्या आल्या. इअरफोन काढायला लावून ते म्हणाले, निस्त्या गच्च्या बघायच्या, खाली बघायचं न्हाय. मी वैतागून बघत बसले. मी राजारामपुरीत लहानाची मोठी झाले, पण तिला वरचा एक मजला आहे हे मला त्या दिवशी कळलं. एका गच्चीवर एक म्हातारे गृहस्थ लंगोटावर जोर मारत होते. दुसरीवर एक बाई वाळत घातलेल्या चादरीआड उभी राहून फोनवर भांडत होती. आणि क्लासेसची मोठी पाटी लावलेल्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर चक्क एक शेळी उभी होती, कठड्यावर पाय ठेवून, खालची रहदारी बघत. संध्याकाळी घरी आल्यावर मी हे बाबांना सांगितलं. बाबा “बरं” म्हणाले आणि टीव्हीकडे बघत राहिले.

बाबांचं सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्यापाशीच येऊन पोचतं. आई गेल्यापासून बाबा एका खुर्चीत बसले होते. आयुष्यभर सरकारी कचेरीत काम केलेला, कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यापासून कलेक्टरांपर्यंत सगळ्यांशी तितक्याच अदबीनं बोलणारा माणूस, पण आई गेली आणि ते हॉलमधल्या त्या खुर्चीत बसले ते बसलेच. पाठ रस्त्याकडे, तोंड टीव्हीकडे. टीव्हीत काय चाललंय ते विचारलं तर सांगता यायचं नाही. रडत नव्हते, तक्रार नव्हती, जेवण वाढलं की जेवत होते. डॉक्टर म्हणाले, चालले नाहीत तर पाय जातील. मी सगळं करून बघितलं. ज्येष्ठ नागरिकांच्या बागेतल्या कट्ट्यावर नेलं, मोबाइल शिकवला, कुंड्या आणल्या. चिडले, रडले, अबोला धरला. “मला काय काम आहे आता?” एवढंच ते म्हणायचे, आणि मी म्हणायचे, काम कशाला हवं, आराम करा की. मला त्यांची भीती वाटत होती. रोज संध्याकाळी कुलूप उघडताना आधी खुर्चीकडे नजर जायची.

हे मी आण्णांना कधी सांगितलं नव्हतं. सांगण्याजोगा माणूस म्हणून मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते करमणुकीचे होते. आमच्याकडे दर तिमाहीला गुणवत्तेवर एक लांबलचक मीटिंग व्हायची, पडद्यावर तक्ते यायचे आणि सगळे डोळे उघडे ठेवून झोपायचे. आण्णा मात्र पुढे सरसावून ऐकायचे, कारण संध्याकाळी बायकोला सगळं जसंच्या तसं सांगायचं, हे त्यांनी काढलेलं काम होतं. मी एकदा त्यांच्या घरी गेले तर काकूंनी पाण्याचा तांब्या हातात देता देता विचारलं की मशीन शॉपचं रिजेक्शन कमी आलं काय गं. काकू जुन्या कोल्हापुरी बायकांसारख्या स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी गेलो’ म्हणायच्या. “ह्या माणसाचं ऐकून ऐकून मी निम्मा इंजिनियर झालो बघ,” असं त्या म्हणाल्या.

मिसळ खायला गेले तरी आण्णा भिंतीकडे पाठ करून बसायचे, म्हणजे सगळं दुकान समोर. बाहेरगावचा माणूस ओळखायचा, तो पहिला घास घेतो कधी याकडे लक्ष ठेवायचं आणि त्याचे कान लाल व्हायच्या आत दह्याची वाटी त्याच्यापुढे सरकवायची. स्वतःची मिसळ निवून जायची. दुकानदारानं त्यांना दह्याचे पैसे लावणं कधीच सोडून दिलं होतं.

या कामं काढण्यात ते तोंडावरही आपटायचे. एकदा पाहुण्यांच्या लग्नाला म्हणून गेले. एका रस्त्यावर दोन मंगल कार्यालयं, आण्णा घुसले चुकीच्यात. आत गेल्या गेल्या त्यांनी काम काढलं, की म्हाताऱ्या माणसांना पंख्याखाली बसवायचं. सकाळभर ते म्हाताऱ्यांना हाताला धरून हलवत होते. जेवणाच्या पंगतीत नवरा-नवरी पाया पडायला आली तेव्हा त्यांना समजलं की यातलं कुणीच आपलं नाही. पण तोवर त्या घरचे लोक त्यांना सोडायला तयार नव्हते. आहेर देऊन, फेटा बांधून त्यांना दारापर्यंत पोचवलं. ज्यांच्या लग्नाला जायचं होतं ते पाहुणे मात्र जे रुसले, ते वर्षभर दारात आले नाहीत. त्यांची समजूत काढता काढता आण्णा मेटाकुटीला आले, आणि त्यातून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. लग्नात आचारी हवा, मांडववाला हवा, तसा रुसलेल्यांकडे बघणारा एक स्वतंत्र माणूस हवा.

पुढे त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला ते आमच्या घरी आले. मी दार उघडलं, बाबा आत पाणी प्यायला गेले होते. आण्णांनी हॉलभर नजर फिरवली, रस्त्याकडे पाठ केलेली खुर्ची हेरली आणि नेमके त्या बाबांच्या खुर्चीत जाऊन बसले. त्या खुर्चीत बाबांशिवाय कुणी बसत नसे. बाबा बाहेर आले, क्षणभर तसेच उभे राहिले, मग काय करणार, समोरच्या दिवाणावर बसले. दिवाणावरून रस्ता दिसतो. आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदा रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

आण्णांनी पत्रिका ठेवली, अक्षता ठेवल्या आणि घसा खाकरून म्हणाले की निस्तं जेवायला येऊ नका, तुमच्यासाठी काम हाय. लग्नात जी माणसं रुसतील ती हुडकायची आणि त्यांच्यापाशी जाऊन बसायचं. बाबा गोंधळून म्हणाले, अहो, मी तुमच्याकडच्या कुणालाच ओळखत नाही. आण्णा म्हणाले, म्हणून तर तुमी पायजे. वळखीचा माणूस समजूत काढायला गेला की रुसलेला आणखी चढतोय. तुमी ना मुलीकडचे, ना मुलाकडचे, तुमच्यावर राग काढायला कुणाला जागाच न्हाय.

बाबांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. मग कचेरीत नवीन फाइल आल्यावर विचारावं तसं त्यांनी विचारलं, “पण रुसलेला माणूस ओळखायचा कसा?”

“तुमास्नी न्हाय कळायचं तर कुणाला कळायचं?” आण्णा म्हणाले.

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. ते उठून आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. मी आण्णांना जिन्यापर्यंत सोडायला गेले ती तरातराच गेले. माझ्या घरात येऊन माझ्या बापाला असं बोलायचं काय कारण, असं मी विचारलं. आण्णांनी माझ्या रागाकडे सरळ काणाडोळा केला. बाबांना आजवर तू काय काम दिलंस, असं त्यांनी उलट मलाच विचारलं. मी म्हटलं, त्यांनी आराम करावा एवढंच माझं म्हणणं आहे. “आराम हे काय काम हाय व्हय?” असं म्हणत ते जिना उतरून गेले.

लग्नाच्या दिवशी मी एकटीच जायच्या तयारीनं उठले. केस विंचरून हॉलमध्ये आले तर बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, चपला पायात चढवून दाराशी उभे. मला म्हणाले, आवर लवकर, माणसं सकाळी चहाच्या वेळेलाच रुसायला लागतात.

कार्यालय कागलच्या रस्त्याला होतं, मागे उसाचं रान. पोचल्यावर बाबा माझ्याजवळ थांबलेच नाहीत. तासाभरात त्यांनी एक आत्या शोधली होती, जिला चहा विचारायचा राहिला होता. नंतर पुढच्या रांगेतून मागे बसवलेले एक माजी सरपंच सापडले. बाबा जायचे, शेजारची खुर्ची ओढायचे आणि बसायचे. काही सांगत नव्हते, नुसते ऐकत होते. मग ते दाराशी काकूंजवळ गेले आणि तुमच्या माहेरचं नाजूक कोण कोण आहे, हे गंभीरपणे विचारू लागले. तेवढ्यात फेटेवाला आला आणि त्यानं बाबांना खाली वाकायला लावून सगळ्यात मोठ्या तुऱ्याचा भगवा फेटा त्यांच्या डोक्यावर चढवला. मला अभिमान वाटला. बाबांना वाटलं, काम करणाऱ्यांना ओळखू यावं म्हणून बांधत असतील.

मुहूर्त जवळ आला. मुलगा पाटावर उभा राहिला, अंतरपाट धरला, भटजींनी माइकवरून सांगितलं की मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. कुणीच आलं नाही. पुन्हा सांगितलं. काकूंचा भाऊ, मुलीचा एकुलता एक मामा, कार्यालयात कुठेच नव्हता. मामाशिवाय मुलगी मांडवात येणार कशी? कुजबुज सुरू झाली, मुलाकडची माणसं घड्याळं बघायला लागली, काकू रडकुंडीला आल्या. आण्णांचं टाळकं फिरलं. ह्यो दरवेळी असाच करतोय, आज बघतोच त्याला, असं म्हणत ते बाह्या सरसावून निघाले. आयुष्यभर दुसऱ्यांना जागा बदलायला लावणाऱ्या त्या माणसाला त्या घडीला मेव्हण्याच्या जागेवरून काही म्हणता काही दिसत नव्हतं. ते गेले असते तर लग्न लागलं असतं, पण मामाचं घर कायमचं तुटलं असतं.

बाबा त्यांच्या आडवे उभे राहिले.

“थांबा,” ते म्हणाले. “हे माझं काम आहे.”

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. आण्णा थांबले. बाबा झपाझप मागच्या बाजूला गेले, मीही त्यांच्या मागे. त्यांनी मघाशीच एका माणसाला बोडक्या डोक्यानं उसाकडे जाताना पाहून ठेवलं होतं. रानाच्या कडेला उभ्या केलेल्या जीपमध्ये स्टेअरिंगवर हात ठेवून मामा बसले होते. बाबा दुसऱ्या बाजूचं दार उघडून शेजारी बसले. मामांनी एकदा त्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी बाहेर खिडकीशी उभी होते.

“इथून मांडव दिसत नाही,” बाबा म्हणाले.

“दिसायलाच नको मला.”

“मग रुसून उपयोग काय? रुसायचं तर सगळ्यांना दिसेल असं बसावं. मीही घरात असाच रुसून बसलो होतो. बायको न सांगता निघून गेली म्हणून. बसून बसून पाय गेले असते, आणि जिच्यावर रुसलो ती काही बघायला येणार नव्हती. तुमची बहीण निदान दारात उभी आहे.”

मला हे नवीन होतं. आईच्या जाण्याचं दुःख बाबांना आहे हे मला माहीत होतं, पण ते तिच्यावर चिडलेत, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी तिथेच उसाकडे तोंड करून डोळे पुसले.

मामांनी स्टेअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाले, “ते समदं बरोबर हाय तुमचं. पण तुमच्या डोक्यावरचा फेटा माझा हाय.”

झालं होतं ते असं. मोठ्या तुऱ्याचा फेटा मामाचा, हे आण्णांनी फेटेवाल्याला बजावून सांगितलं होतं. फेटेवाल्यानं मामाला कधी पाहिलं नव्हतं. नवरीच्या आईजवळ उभा असलेला आणि चेहऱ्यावर सगळ्या लग्नाची काळजी असलेला माणूस त्याला एकच दिसला, बाबा. त्यानं त्यांनाच मामा समजून फेटा चढवला. आपल्या मानाचा फेटा बहिणीच्या डोळ्यांदेखत एका परक्याच्या डोक्यावर चढला आणि बहिणीनं हूं की चूं केलं नाही, हे बघून खरा मामा जीपमध्ये जाऊन बसला. आणि त्याची समजूत घालायला आता तोच फेटा घालून बाबा आले होते.

बाबांनी हात वर नेऊन फेटा चाचपला आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, मामाही हसायला लागले आणि त्यांच्याकडे बघून मीही. बाबांनी फेटा अलगद उचलून मामांच्या डोक्यावर ठेवला. बाबांचं डोकं मोठं, त्यामुळे तो थेट भुवयांवर येऊन टेकला. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मामा हनुवटी वर करून उभे आहेत. लोकांना वाटतं, मोठ्या ऐटीत आहेत.

त्यानंतर आमच्या हॉलमधली खुर्ची रस्त्याकडे वळली, आणि पुढे पुढे रिकामीच राहायला लागली. बाबा आण्णांबरोबर मिसळीला जायचे, दह्याची वाटी सरकवण्याचं काम दोघांनी वाटून घेतलं होतं. आण्णांच्या नात्यात कुठेही लग्न निघालं की बाबांना वेगळी पत्रिका यायची. डॉक्टर पायांबद्दल काही बोलेनासे झाले. मी कुलूप उघडून आत जायचे आणि घरात कुणी नसायचं. इतकं बरं वाटायचं मला ते रिकामं घर.

मग आण्णा निवृत्त झाले. कंपनीच्या कँटीनमध्ये निरोप समारंभ ठेवला होता, घरच्यांनाही बोलावलं होतं, आणि घरचे म्हणून काकूंबरोबर बाबाही आले होते. शाल आली, नारळ आला, कंपनीच्या मोठ्या साहेबांनी माइक हातात घेतला आणि बघतात तर ज्यांचा सत्कार ते खुर्चीवर नाहीत. सगळे इकडेतिकडे शोधू लागले. बाबा उठले आणि कुणाला न विचारता सरळ बसच्या शेडकडे चालायला लागले. सवयीनं मीही मागे गेले.

रिकाम्या बसमध्ये आण्णा डावीकडच्या खिडकीत बसले होते. माझ्या जागेवर, डोळे मिटून.

“सकाळधरनं जो त्यो म्हणतोय, आण्णा, तुमी निस्तं बसा,” आमची चाहूल लागल्यावर ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. “खुर्ची बी उचलू देईनात. आज मला कायबी काम न्हाय. उद्याबी न्हाय. मग तितं जाऊन करू काय?”

बाबा त्यांच्या डोक्याशी जाऊन उभे राहिले.

“उठा पावणं,” ते म्हणाले. “आज हितं माझी पाळी.”

बाबांच्या कचेरीतल्या मराठीत ते ‘हितं’ अगदीच उपरं वाटत होतं. आण्णांनी डोळे उघडले.

“मग मी कुठं बसू?”

“स्टेजवर. तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. नुसता जेवायला कोण आलाय आणि खरंच वाईट कुणाला वाटतंय, तेवढं बघून मला सांगा. नीट बघा, फेटेवाल्यासारखं करू नका.”

आण्णांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते उठले. त्यानंतरचा समारंभ मी कधी विसरणार नाही. मोठे साहेब आण्णांच्या निष्ठेबद्दल बोलत होते आणि आण्णा शाल पांघरून, पुढे सरसावून, आमच्या एकेकाच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. अकाउंट्सच्या साहेबांनी तर घाईघाईनं चेहरा उतरवून घेतला.

संध्याकाळी शेवटच्या बसनं सगळे मिळून निघालो. बाबांनी माझी खिडकी बळकावली होती. हायवे सोडून गावात शिरल्यावर आण्णा पुढे जाऊन दांडा धरून उभे राहिले आणि त्यांनी त्यांच्या त्या आवाजात निकाल सांगितला.

“समदी जेवायला आलती.” बस हसली. ते हसू ओसरेपर्यंत ते थांबले. “एक सोडून. आन त्यो आपल्या कंपनीचा न्हाय.”

सगळ्यांनी वळून बाबांकडे बघितलं. बाबांनी कुणाकडेच बघितलं नाही. ते काचेला कपाळ टेकवून वर, इमारतींच्या माथ्यांकडे बघत होते. राजारामपुरी आली होती. मी हळूच विचारलं, बाबा, काय बघताय?

“ती शेळी दिसते का बघतोय,” ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढला.